सल्ला हवा: भाषणबाजी नसलेली, इंग्रजी अमदानीतली राष्ट्रवादाची कादंबरी

कपाशीवाला
अमळनेरला आम्ही सात-आठ जण महिन्याला एक पुस्तक वाचून गप्पा मारतो. पुढची बैठक शेतावर, भरिताच्या निमित्तानं. पारतंत्र्यातली, देशाभिमान मध्यभागी असलेली कादंबरी हवी. अट एकच: पहिल्या पानावरचा देशभक्त शेवटच्या पानावर जसाच्या तसा, असलं नको. साने गुरुजी सोडून सांगा. गुरुजींवर राग नाही, पण त्यांच्या शाळेच्या गावात दर २४ डिसेंबरला आणि ११ जूनला तेच होतं.

तापीकाठ
डोळे मिटून रवींद्रनाथांची 'गोरा'. 'प्रवासी' मासिकात १९०७ पासून क्रमशः, पुस्तक १९१० चं. लिहिली वंगभंगाच्या धामधुमीनंतर लगेच, पण गोष्ट त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीची. गोरा कपाळाला गंगेची माती लावतो, आईच्या खोलीत जेवत नाही, कारण तिथे लछमिया ही ख्रिस्ती दाई वावरते. आणि स्वतः जन्मानं आयरिश! १८५७ च्या धुमाळीत आनंदमयीच्या घरी जन्मला, जन्मदाती आई गेली, आनंदमयीनं वाढवला. तो आई म्हणतो ती हीच.

शेव_जास्त_टाका
शेवट फोडला ना भो!

तापीकाठ
कुठे फोडला? लेखकानंच सुरुवातीच्या प्रकरणांत सांगून टाकलंय. आपल्याला माहीत, गोऱ्याला नाही. गंमत तिथेच आहे. तो सोवळ्याची एकेक शपथ घेतो आणि आपल्याला वाटतं, अरे थांब जरा.

असोद्याची
गोऱ्याला माझंही मत. दादा, गटात न्हाव्याचं प्रकरण नक्की घ्या. गोरा खेड्यांत फिरत मुसलमान वस्तीच्या गावात पोचतो. नीळवाल्या साहेबांशी भांडण होऊन तिथला एक म्होरक्या तुरुंगात गेलेला, त्याचं पोर गावातल्या एकमेव हिंदू घरानं, म्हणजे न्हाव्यानं, सांभाळलेलं. गोऱ्याला तहान लागलीय, पण या घरचं पाणी कसं घ्यायचं? म्हणून निळीच्या कोठीच्या ब्राह्मण तहसीलदाराकडे निघतो. वाटेत कळतं, जुलूम करणाऱ्याचं अन्न पवित्र आणि लेकरू जगवणाऱ्याचं अपवित्र. परत न्हाव्याकडे येतो. भाषणानं नाही, तहानेनं बदलतो तो.
आमच्या आजोबांच्या गोठ्यात कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. सालदाराचा, म्हणजे सालानं ठेवलेल्या गड्याचा. चहा वरून ओतायचा, कप त्यानंच विसळायचा. लहानपणी मला तो फक्त जुना कप वाटायचा. हे प्रकरण वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ.

शेव_जास्त_टाका
मान्य ताई, पण 'गोरा' जाडजूड आहे आणि ब्राह्मो समाजवाले आणि सनातनी हिंदू यांचे वाद पानंच्या पानं चालतात. महिन्यात होणार नाही. त्यापेक्षा त्यांचीच 'घरे बाइरे', १९१६ ची. बिमला, तिचा नवरा निखिलेश आणि स्वदेशीचा पुढारी संदीप आळीपाळीनं स्वतःची बाजू सांगतात. संदीप वंदे मातरम् म्हणत पैसे मागतो, बिमला नवऱ्याच्या तिजोरीतून काढून देते. आणि परदेशी कापड जाळायचं ठरतं तेव्हा होळी कोणाच्या मालाची? पंचूसारख्या फेरीवाल्याच्या. बाजारात कपास विकणाऱ्यांच्या गावात यावर रात्र पुरणार नाही. स्वदेशीला विरोध म्हणून सांगत नाही हं, संदीपसारखी माणसं प्रत्येक मोर्चात दिसतात म्हणून.

तापीकाठ
निखिलेश फारच शहाणा आहे. चुकतच नाही. मला तो माणूस कमी, तराजू जास्त वाटतो.

असोद्याची
तसं म्हटलं तर शरच्चंद्रांच्या 'पथेर दाबी'तला क्रांतिकारक सव्यसाचीही चुकत नाही. इंग्रजांनी बंदी घातली ती त्याच्यामुळे, पण मला लक्षात राहिला तो भित्रा अपूर्व. पुढच्या महिन्याला ठेवा.

कपाशीवाला
ठरलं, 'गोरा', दोन महिने. त्यातल्या ब्राह्मो हारानबाबूंचे वाद चाळून पुढे जाऊ. अज्ञेयांचा हिंदी अनुवाद मिळाला, इथे हिंदीची अडचण कोणाला नाही. ताई, तुमच्या कपाचं वाचून एक आठवलं. शेतावर काड्यांवर वांगी भाजतो तो आमचा सालदारच, आणि आजवर तो चुलीपाशी नि आम्ही सतरंजीवर. या वेळी त्याला बसवतोय. न्हाव्याचं प्रकरण मोठ्यानं वाचणार, तेवढ्यात वांगी जळली तरी चालतील.