‘कांस्य नाणी’ म्हणावे की ‘तांब्या-पितळेची नाणी’?

प्रश्न : आस, दुपोंडियस, सेस्टर्टियस या रोमन नाण्यांना मराठीत सरसकट ‘कांस्य नाणी’ म्हणावे का? त्यांच्या दोन बाजूंना ‘छापा’ आणि ‘काटा’ म्हटलेले चालेल का?

उत्तर : सरसकट ‘कांस्य’ म्हणू नये, असे माझे मत आहे. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. तळपायाला तूप लावून काशाची वाटी ज्याने घासून घेतली आहे, त्याला हा धातू वेगळा सांगावा लागत नाही. रोमच्या प्रजासत्ताक काळातला जुना आस या जातीचा, आणि तोही ठशाने पाडलेला नव्हे तर साच्यात ओतलेला. आरंभी तो 300 ग्रॅमच्याही वर भरत असे. मात्र पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने इ.स.पू. 23 च्या सुमारास नाण्यांची नवी घडी बसवली, तेव्हा सेस्टर्टियस आणि दुपोंडियस तांबे-जस्ताचे, म्हणजे चक्क पितळेचे झाले आणि आस तांब्याचा पाडला जाऊ लागला. लॅटिनची अडचण होत नाही, कारण तिथला ‘आएस’ तांब्यालाही चालतो आणि काशालाही. हा शब्द आपल्या संस्कृत ‘अयस्’चा सख्खा भाऊ, आपला ‘अयस्’ पुढे लोखंडाच्या घरी गेला, एवढेच. तेव्हा साम्राज्यकाळासाठी ‘तांब्या-पितळेची नाणी’ हेच बरे.

‘छापा-काटा’ नाणे उडवण्यापुरतेच ठेवावे; वर्णनात ‘दर्शनी बाजू’ आणि ‘मागील बाजू’ लिहावे. जुन्या आसाच्या दर्शनी बाजूस दोन तोंडांचा जानुस देव आणि मागे जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, असे, म्हणून रोमन मुले नाणे उडवताना ‘कापिता आउत नाविया’, म्हणजे ‘डोकी की जहाजे’, असे ओरडत. पाचव्या शतकातला लॅटिन लेखक माक्रोबियस सांगतो की त्याच्या काळची मुलेही तसेच ओरडत, आणि तोवर ती नाळ नाण्यांवरून जाऊन कित्येक शतके लोटली होती. इथे ‘छापा की काटा’ असे भाषांतर केले, तर ती गंमतच हरवते.

उपप्रश्न : रोमन सम्राट व्हेस्पासियनच्या सेस्टर्टियसवरील ‘युदाइया काप्ता’ म्हणजे ‘जिंकलेला यहुदिया’ का?

उत्तर : अर्थ चुकत नाही, चित्र मात्र चुकते. मागील बाजूस खजुराचे झाड आहे आणि त्याखाली शोक करीत बसलेली स्त्री. ‘काप्ता’ हे रूपही स्त्रीलिंगीच आहे. ही स्त्री म्हणजेच यहुदिया हा ज्यूंचा प्रांत, म्हणून ‘बंदिवान झालेली यहुदिया’ असे लिहावे, मराठीत देशाचे नाव एरवी पुल्लिंगी चालवण्याची सवय असली तरी.