मदत हवी आहे: खजिनदार वॉल्टरची तारीख जुळत नाही, बेरीजही नाही

रोजकीर्द:
चौदाव्या शतकातल्या इंग्लंडच्या खजिनदारांचा तक्ता उद्या द्यायचा आहे, म्हणून थोडक्यात विचारतो. वॉल्टर खजिनदार कधी झाला? एके ठिकाणी फेब्रुवारी १३१९ आहे, दुसरीकडे फेब्रुवारी १३२०. १३२१च्या हिवाळ्यातही वॉल्टरच दिसतो, पण तिथे 'बिशप' गायब. वर एका पानाची बेरीज ५६ पौंड आणि काही चिल्लर कमी भरते. तीनदा तपासली. काय धरू?

टाकदौत:
अहो, कुठला वॉल्टर? लँग्टन की स्टेपल्डन? दोघेही बिशप, दोघेही खजिनदार. आणि पान कशाचं? रिसीट रोल (जमेचा), इश्यू रोल (खर्चाचा) की पाईप रोल (शेरीफांच्या, म्हणजे परगण्यांतल्या राजाच्या अधिकाऱ्यांच्या, वार्षिक हिशोबाचा)?

रोजकीर्द:
१३२० म्हटल्यावर स्टेपल्डनच ना. एक्झेटरचा बिशप, राजा दुसरा एडवर्ड. लँग्टनचं खजिनदारपद तर १३०७लाच संपलं. पान इश्यू रोलचं आहे.

टाकदौत:
लँग्टन १३०७ला पदावरून गेला, पण १३१२मध्ये काही महिने परत त्याच खुर्चीत होता. तक्त्यात तेही दुरुस्त करा.
तारखेचं सोपं आहे. तेव्हाचं इंग्लिश वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख जुन्या मोजणीत एक वर्ष मागे दिसते. तुमचे दोन्ही फेब्रुवारी एकच आहेत. आजच्या मोजणीने १३२० लिहा आणि खाली तळटीप द्या.

शिवराई:
इसवी सनावर जाऊच नका, राजवर्ष बघा, म्हणजे राजा गादीवर आल्यापासून मोजलेलं वर्ष. दुसऱ्या एडवर्डचं राजवर्ष ८ जुलैला सुरू होतं, पहिलं १३०७चं. तेरावं वर्ष म्हणजे ८ जुलै १३१९ ते ७ जुलै १३२०. नोंदीत 'तेरावं' असेल तर त्यातला फेब्रुवारी १३२०चाच. एक्स्चेकरचं, म्हणजे राजाच्या जमाखर्चाच्या खात्याचं, हिशोबी वर्ष मात्र २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणापासून, म्हणजे ते दोन राजवर्षांवर पसरतं. तक्त्यात दोन्हींचे वेगळे रकाने ठेवा.

कलमदान:
स्टेपल्डन खजिनदार असतानाच लंडनच्या जमावाने त्याला चीपसाइडला ओढून पावाच्या सुरीने मुंडकं कापलं. १५ ऑक्टोबर १३२६.

टाकदौत:
कुणी विचारलं? आणि 'असतानाच' चूक आहे. जुलै १३२५मध्ये ते पद यॉर्कचा आर्चबिशप विल्यम मेल्टनकडे गेलं होतं.
बिशप नसलेला तुमचा वॉल्टर म्हणजे वॉल्टर नॉर्विच. एक्स्चेकरचा बॅरन, म्हणजे तिथला न्यायाधीश, पाद्री नव्हेच. स्टेपल्डन ऑगस्ट १३२१ला बाजूला झाला, मे १३२२ला परतला. मधले महिने नॉर्विचने काम सांभाळलं. नुसतं 'वॉल्टर' टाकलंत तर हे दोघे एकमेकांत मिसळणारच.

शिवराई:
आता बेरीज. पौंडांच्या रकान्यात लहान अक्षरांत वर लिहिलेलं काही आहे का? आणि आकडे भरता कसे?

रोजकीर्द:
एका ओळीत आहे. चार उभ्या रेघा, शेवटची शेपटीवाली. तिच्या डोक्यावर बारीक दोन फुल्या, मग सहा. मी ४ + २० + ६ = ३० घेतले. पुढे १३ शिलिंग ४ पेन्स, म्हणून ३०.१३४ टाकलं. बाकी ओळी पूर्ण पौंडांच्या.

शिवराई:
सापडलं. रोमन आकड्यांत रेघ म्हणजे एक, फुली म्हणजे दहा; डोक्यावरच्या दोन फुल्या म्हणजे 'विसा', खालचा आकडा वीसपट. चार विसा ऐंशी, अधिक सहा, ८६. ऐंशीच्या जागी २४ धरलेत, म्हणून बरोबर ५६ची तूट. वरची चिल्लर दशांशाची: पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स, तेव्हा १३ शिलिंग ४ पेन्स म्हणजे ०.१३४ नव्हे, दोन तृतीयांश. सगळं पेन्समध्ये भरा: ८६ × २४० + १३ × १२ + ४ = २०,८००. मार्क हे तेव्हाचं हिशोबाचं दुसरं माप, एका मार्काचे १६० पेन्स, म्हणजे नेमके १३० मार्क. रक्कम मार्कांत ठरली आणि पौंडांत लिहिली गेली.
पूर्ण मार्क सुटतात का, हे प्रत्येक ओळीला लावून बघा. वाचनातली चूक लगेच पकडता येते.

कलमदान:
'खजिनदार' कशाला, पोतनीस लिहा की. आपला शब्द आहे.

टाकदौत:
पोतनीस रोकड सांभाळतो. इथे खजिनदार एक्स्चेकरच्या हिशोबावर बसायचा, पेट्यांच्या चाव्यांत चेंबरलेन नावाचे तिथले अधिकारीही वाटेकरी. शिवाय राजाच्या वॉर्डरोबच्या, म्हणजे घरखर्चाच्या खात्याच्या, प्रमुखालाही लॅटिन कागदांत खजिनदारच म्हटलंय. मी म्हणतो 'एक्स्चेकरचा खजिनदार' असं पूर्ण लिहा.

शिवराई:
वॉर्डरोबचा हिशोब १३२३नंतर शोधणार असाल तर पाईप रोलमध्ये सापडणार नाही. त्या वर्षी कॉविक गावी निघालेल्या आदेशाने 'फॉरेन' हिशोब वेगळ्या रोलवर नेले. फॉरेन म्हणजे परदेशी नव्हे हं, शेरीफच्या परगण्याच्या हिशोबाबाहेरचे. स्टेपल्डनची खरी कामगिरी हीच: दप्तर लावणं. त्याने खजिन्यातल्या जुन्या कागदांची यादीही करून घेतली. मुंडक्याच्या गोष्टीत हे कायम मागे पडतं.

कलमदान:
हिशोब लाकडी काठ्यांवर ठेवायचे ना? त्याचं कुणी बोललंच नाही.

टाकदौत:
टॅली ती पैसे भरल्याची पावती. हजार पौंडांची खाच तळव्याएवढी, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून एक भाग भरणाऱ्याला, दुसरा एक्स्चेकरला. इश्यू रोल खर्चाचा आहे, इथे तिचा संबंध नाही.

रोजकीर्द:
८६ टाकल्यावर बेरीज जमली. अजून एका ओळीवर पाच रेघा आणि वर फुल्या आहेत, ते शंभर ना?

शिवराई:
पाच विसा शंभरच. पण आधी रेघा नीट मोजा, शेपटीवाली धरून.