मंगळावर शुद्ध गंधक आलं कुठून? जरा मदत हवीये

नमस्कार मंडळी, भाचीच्या सायन्स एक्झिबिशनसाठी मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरवर चार्ट करतोय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. ३० मे २०२४ ला गेल क्रेटर नावाच्या विवरात, गेडिझ व्हॅलिस या जुन्या प्रवाहाच्या पात्रातून जाताना जवळपास ९०० किलोचा हा रोव्हर एका दगडावरून गेला, दगड फुटला आणि आत पिवळेधमक स्फटिक! रोव्हरवरच्या एपीएक्सएसने (एक्स-रे वापरून दगडात कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखणारं उपकरण) तपासलं तर चक्क शुद्ध गंधक. सल्फेट (गंधक आणि ऑक्सिजन असलेले क्षार) तिथे आधीपासून सापडतंयच, पाणी आटलं की क्षार मागे राहतात हे कळलं, पण सुटं गंधक? पृथ्वीवर ते ज्वालामुखीच्या तोंडाशी, गरम झऱ्यांपाशी नाहीतर बॅक्टेरियांच्या उद्योगाने तयार होतं आणि या जागेच्या इतिहासात शास्त्रज्ञांना तसलं काही अपेक्षितच नव्हतं म्हणे. दगड लहान आणि ठिसूळ, त्यामुळे ड्रिलही करता आला नाही, मग जवळच्याच मॅमथ लेक्स नावाच्या खडकात भोक पाडलं.

तर कुणी जिऑलॉजीवालं असेल तर सांगा ना, सल्फेटमधून गंधक सुटं व्हायला नेमकं काय घडावं लागतं आणि नववीच्या पोरीला झेपेल असं कसं लिहू? "एलियन असतील" हे उत्तर भाचीने आधीच दिलंय, ते सोडून सांगा 😄