मदत हवी आहे: 'माय नेम इज रेड' पुढं सरकेना

नमस्कार मंडळी. ओरहान पामुक यांची ही कादंबरी दिवाळीत घेतली, इंग्रजीतून. तीनदा सुरू केली, तीनदा शंभरेक पानांवर थांबले. १५९१ सालचं इस्तंबूल, सुलतानाच्या पोथ्या रंगवणारे चित्रकार, त्यातल्या एकाचा खून. इथवर ठीक. पण पहिलं प्रकरण विहिरीत पडलेलं प्रेत सांगतं, मग कुत्रा बोलतो, झाड बोलतं, नाणंसुद्धा! खुनीही बोलतो, फक्त कोण ते कळू देत नाही. दोन दिवस खंड पडला की कुणाचं काय चाललंय ते डोक्यातून जातंच.

सोडवत मात्र नाही. माझे वडील इथं सोलापुरात चादरींची डिझाइनं काढायचे. ग्राफपेपरवर एकेक चौकोन रंगवायचे, त्यावरून जेकॉर्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांना भोकं पडायची. त्यांचा मोर कितीतरी घरांत गेला, नाव कुठंच नाही. कादंबरीतले जुने उस्ताद तेच म्हणतात: स्वतःची शैली दिसणं हाच दोष, सही तर नकोच. ते वाचून मी कपाटातली जुनी चादर काढून उलटसुलट बघत बसले.

पूर्ण वाचलेल्यांनी सांगा, कोण बोलतंय ते वहीत टिपत वाचू, की तसंच पुढं रेटू? हेरातच्या बिहजाद या जुन्या उस्तादाची चित्रं आधी बघितली तर सोपं जाईल का? सोलापुरात कुणी वाचत असेल तर एका रविवारी सिद्धेश्वर तलावाकाठी बसू, कडक भाकरी-शेंगाचटणी माझ्याकडून. आणि खुनी कोण ते कृपा करून लिहू नका!