कॅम्पमध्ये न मिळणारे बॅज
स्काउट मुलाला उन्हाळी कॅम्पला आठवडाभर पाठवलं की बॅजचा ढीग लागतो, असं म्हणतात; ते स्विमिंग, लेदरवर्कपुरतं खरं. ईगलला, म्हणजे अमेरिकेतल्या स्काउटिंगमधल्या सर्वोच्च श्रेणीला, लागणाऱ्या २१ मेरिट बॅजपैकी (एकेका विषयात ठरलेलं काम करून मिळणारे बॅज) काही सक्तीचे मात्र आठवड्यात उरकतच नाहीत. पर्सनल मॅनेजमेंटला १३ आठवडे जमाखर्च लिहायचा, पर्सनल फिटनेसला १२ आठवड्यांचा व्यायाम, फॅमिली लाइफला निदान पाच घरकामं ९० दिवस, किती वेळा केली त्या नोंदीसकट. आमच्या फ्रिजवर तो तक्ता लटकलाय. भांड्यांच्या रकान्यात टिकमार्क, कचऱ्याच्या रकान्यात बहुतेक सबबी!

हे तिन्ही सातवी-आठवीतच सुरू करून द्या, पण आधी स्काउटमास्टरशी बोलून कौन्सेलर (त्या बॅजचं काम तपासून मंजूर करणारी मोठी व्यक्ती) ठरवा. अर्धवट राहिलेला बॅज अठराव्या वाढदिवसापर्यंत पुरा करता येतो, त्यामुळे कॅम्पमधली कागदपत्रं फेकू नका.