‘तिल्लाना मोहनाम्बाळ’ (१९६८): नायकाचा संशय प्रेमकथेत कसा बसतो?

प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात सहा वर्षांपासून भरतनाट्यम शिकते आहे. गुरूंच्या सांगण्यावरून ए. पी. नागराजन यांचा ‘तिल्लाना मोहनाम्बाळ’ हा तमिळ चित्रपट उपशीर्षकांच्या आधाराने दोनदा पाहिला. नादस्वरम हे सनईसारखे दक्षिण भारतीय वाद्य वाजवणारा सिक्कल शण्मुगसुंदरम (शिवाजी गणेशन) आणि तिरुवारूरची नर्तकी मोहना (पद्मिनी) यांची ही प्रेमकथा. के. व्ही. महादेवन यांचे संगीत आणि नागेश व मनोरमा यांची कामे मनापासून आवडली. पण शण्मुगम सतत संतापतो, मोहनावर पुन्हा पुन्हा संशय घेतो आणि तरीही ती त्याच्यासाठी झुरते, हे मला खटकत राहिले. दोघांत प्रेमाचे सरळ बोलणे तर जवळजवळ होतच नाही. मग तमिळ प्रेक्षकांनी या कथेला इतके जवळ का केले असावे? भाषा येत नसल्यामुळे माझ्या हातून काही निसटले आहे का?

प्रतिसाद १

निसटले असेल तर ते भाषेपेक्षा त्या दोघांच्या पेशांतले नाते असावे. देवळाच्या परंपरेत नादस्वरम आणि तविल (त्याच्या साथीचा ढोल) यांच्या ताफ्याला ‘पेरिय मेळम’, म्हणजे मोठा मेळ, म्हणत. नर्तकी आणि तिचे नट्टुवनार (नृत्यगुरू) यांचा ताफा तो ‘चिन्न मेळम’, म्हणजे लहान मेळ. दोन्हीकडची माणसे पुढे इसै वेळ्ळाळर म्हणून ओळखल्या गेलेल्या एकाच समाजातली असली, तरी मानाची उतरंड नावातच दिसते. म्हणून शण्मुगम अळगर मंदिरात मोहनाचे नृत्य लपून पाहतो, तेव्हा तो केवळ एका तरुणीला चोरून पाहत नसतो. ज्या कलेला आपण कमी लेखतो तिने आपल्याला खिळवून ठेवले, हेही त्याला लपवायचे असते. मोहना ते ओळखते आणि ‘मरैंदिरुंदु’ या गाण्यातून, लपून पाहण्याचे हे गूढ काय, असे नाचता नाचताच त्याला विचारते. त्यांचे पहिले संभाषण ते हेच.

संशयाचेही मूळ तिथेच आहे. मोहनाच्या आईला मुलीसाठी धनवान आश्रयदाता हवा आहे, आणि नागेशचा वैती हे जुळवण्यासाठीच धडपडतो. मोहनासारख्या नर्तकी ज्या परंपरेतून आल्या, ती देवदासी प्रथा बंद करणारा कायदा मद्रास प्रांतात १९४७ साली झाला. कोत्तमंगलम सुब्बु यांची मूळ कादंबरी त्यानंतर ‘आनंद विकटन’ या तमिळ साप्ताहिकात क्रमशः आली, तेव्हा वाचकांना ही प्रथा चांगलीच ठाऊक होती. शण्मुगमला भीती वाटते ती मोहनाच्या मनाची नव्हे, तिच्याभोवतीच्या व्यवहाराची. मात्र राग निघतो तो तिच्यावर.

प्रतिसाद २

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून सनई आहे, म्हणून वाद्याविषयी थोडे लिहितो. नादस्वरम सनईपेक्षा बरेच लांब असते, त्याला फुंकही जास्त लागते, आणि गमक (सुरांचे आंदोलन) काढताना बोटांनी भोके अर्धवट झाकून ओठ व फुंक सांभाळावी लागते. चित्रपटातले वादन मदुरै एम. पी. एन. सेतुरामन आणि पोन्नुसामी या बंधूंचे आहे. शिवाजी गणेशन यांचे गाल, मान आणि बोटे त्याच्याशी इतकी जुळतात की वाजवणारे दुसरेच कोणी आहेत, याचा मला पहिल्या वेळी विसर पडला होता.

नादस्वरम आणि नृत्य यांच्या स्पर्धेच्या प्रसंगात तर दोघांचा अहंकार आणि ओढ एकाच तिल्लान्यात येतात. तिल्लाना म्हणजे आपल्या तराण्याचा जवळचा नातेवाईक. आपण शिकता त्या मार्गमच्या, म्हणजे भरतनाट्यमच्या ठरलेल्या रचनाक्रमाच्या, शेवटी तो येतो, आणि ती मांडणी घडवण्याचे श्रेय तंजावरच्या मराठा दरबारी, दुसऱ्या सरफोजीराजांच्या पदरी असलेल्या चार भावांना दिले जाते. तो तिल्लाना संपल्यावर शण्मुगमवर सुरीचा वार होतो. पुढे तो बरा होऊन पुन्हा वाजवतो, तेव्हा मोहना चारचौघांत त्याची विचारपूस करू शकत नाही. म्हणून ती ‘नलंदाना’, म्हणजे ‘बरे आहात ना?’, हे नाचून विचारते. कण्णदासन यांचे शब्द साधे आहेत, पी. सुशीला ते किंचित थांबत गातात, आणि समोर शण्मुगमला फुंक आवरता आवरत नाही. ओठांवर वाद्य असलेल्या माणसाला बोलून उत्तर देता येत नाही. याहून सरळ प्रेमसंवाद मला तरी आठवत नाही.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, तरी प्रश्नकर्तीची हरकत मला रास्तच वाटते. संशयाचे कारण समजले म्हणून मोहनाने भोगलेले कमी होत नाही. मोहनाची अभिलाषा धरणाऱ्या मदनपूरच्या महाराजांच्या प्रसंगापर्यंत पटकथा तिला तिचे पावित्र्य पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावते, शण्मुगमला मात्र कधीच काही सिद्ध करावे लागत नाही. याउलट मनोरमा यांची जिल जिल रमामणी पाहावी. तीही रंगमंचावर नाचून पोट भरणारी बाई, पण तिच्याशी शण्मुगम मोकळेपणाने बोलतो, आणि तिच्याकडून चित्रपट कसलीही परीक्षा मागत नाही. तिसऱ्यांदा पाहाल तेव्हा तिच्या प्रसंगांत त्याचा आवाज किती खाली येतो, तिकडे आवर्जून लक्ष द्यावे.