तारण: बँकेतलं आणि बायबलमधलं

नमस्कार मंडळी, एक शंका आहे. सोनेतारण कर्ज, विनातारण कर्ज असं म्हणतो तेव्हा तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू ना, मग मराठी बायबलमधे 'तारण' येतं ते हेच का? आणि बायबलमधल्या पौल प्रेषिताच्या इफिसकरांस पत्रात तारण कृपेने झालंय म्हणतात तर फिलिप्पैकरांना तोच पौल 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या' असं कसं लिहितो?

> 'देव तारी त्याला कोण मारी' मधलं तारणं आहे ते, बुडत्याला वाचवणं. बँकेत आपण काहीतरी ठेवतो मग पैसे मिळतात, इथे मात्र उलटं आहे. इफिस 2:5 (अध्याय 2, वचन 5) वाचा, आपण अपराधांमुळे मेलेले होतो म्हणतो तो, मग मेलेला माणूस देवापुढे ठेवणार तरी काय? 2:8 मधे 'हे देवाचे दान आहे' येतं त्यातला 'हे' मूळ ग्रीकमधे नपुंसकलिंगी आहे आणि कृपा, विश्वास हे दोन्ही शब्द तिथे स्त्रीलिंगी, म्हणून बरेच अभ्यासक सांगतात की दान म्हणजे नुसता विश्वास नाही तर कृपेने तारण होणं ही अख्खी गोष्टच. मला हे फार मोलाचं वाटतं.

>> मान्य दादा, पण फिलिप्पैचं काय?

> ताई, 2:12 वर थांबू नका, वाक्य पुढे चालूच आहे. 2:13 'कारण'ने सुरू होतं, तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही घडवून आणणारा देव आहे म्हणून. म्हणजे तारण कमवा असं नाही, मिळालेलं जगण्यात उतरवा. इफिसमधेही 2:10 ला सत्कर्मं आहेतच, फक्त ती तारणानंतर येतात. एकच ओळ उचलून भांडणारे दोन्ही बाजूंना भेटतात, आणि त्याने साध्या विश्वासू माणसाचं मन उगाच धास्तावतं, याचं फार वाईट वाटतं.

>> आणि याकोबाच्या पत्रात 2:24 ला माणूस क्रियांनी नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरतो म्हटलंय, त्याचं काय?

> याकोबाचा दाखला अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला नेलं त्याचा, उत्पत्ती 22. पौल रोमकरांना लिहिताना घेतो तो उत्पत्ती 15:6, अब्राहामाने विश्वास ठेवला तो प्रसंग, इसहाक जन्मायच्याही आधीचा. याकोब 2:23 ला तेच वचन स्वतः देतो, बघा उघडून. म्हणजे विश्वास आधी, क्रिया त्याच्या मागून.